युनिक्स प्रणालीतील निर्देशिका व प्रवेशाधिकार

युनिक्स प्रणालीतील निर्देशिका व प्रवेशाधिकार : एकाच संगणकावर अनेकांनी काम करावयाचे, तर कोण कोठे आहे आणि कोणास कोठे जाता येईल, हे दोन प्रश्न सोडवावे लागतात. युनिक्स या संगणक-प्रणालीने त्यांची दिलेली उत्तरे बहुतांशी आजही टिकून आहेत.

बहुउपयोजकी ‘मल्टिक्स’ प्रकल्पातून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये बाहेर पडली. त्याच वर्षी तेथील केन टॉम्पसन, डेनिस रिची प्रभृतींनी पीडीपी-७ या लहान संगणकावर युनिक्सची उभारणी सुरू केली. फायलींची नावे नोंदविणारी विशेष फाइल म्हणजे निर्देशिका वा डिरेक्टरी होय. निर्देशिकेत दुसरी निर्देशिका ठेवता येत असल्याने त्यांची वृक्षासारखी रचना होते. काम चालू असलेली निर्देशिका बदलण्याची आज्ञा पुढे ‘सीडी’ या नावाने रूढ झाली.

प्रारंभी प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रक्रिया असे. नंतर ‘फोर्क’ची सोय आली व आज्ञा वाचणारा ‘शेल’ हा कार्यक्रम प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र अपत्य-प्रक्रिया निर्माण करू लागला. त्याबरोबर निर्देशिका बदलण्याची आज्ञा निकामी झाल्याचे आढळले. रिची यांनी १९७९ मधील निबंधात याचे कारण दिले आहे : अपत्य-प्रक्रिया स्वतःची निर्देशिका बिनचूक बदले, पण लगेच संपुष्टात येई, शेल मात्र होता तेथेच राही. म्हणून ही आज्ञा शेलमध्येच अंतर्भूत करावी लागली. उच्चाधिकार देणाऱ्या ‘सुडू’मागे ‘सीडी’ लिहूनही बंद निर्देशिकेत शिरता येत नाही, त्याचे मूळ येथेच आहे.

प्रवेशाधिकारांची वाढ क्रमाने झाली. टॉम्पसन व रिची यांच्या १९७४ मधील लेखात वाचन, लेखन व कार्यान्वयन हे अधिकार मालक व इतर अशा दोन वर्गांसाठी, म्हणजे सहा द्विमान अंकांनी दर्शविलेले आहेत. १९७८ च्या सुधारित लेखात गटाची भर पडून ते नऊ झाले. निर्देशिकेच्या बाबतीत या अधिकारांचे अर्थ बदलतात. वाचनाधिकाराने केवळ नावांची यादी दिसते. निर्देशिकेत जाण्यासाठी किंवा तीतून पुढे जाण्यासाठी कार्यान्वयनाधिकार लागतो. तो असल्यास यादी न दिसताही नाव ठाऊक असलेल्या फायलीपर्यंत पोहोचता येते. कार्यान्वयनाधिकारासह लेखनाधिकार असल्यास नावे घालता व काढता येतात. त्यामुळे दुसऱ्याची जी फाइल वाचताही येत नाही, तीही सामायिक निर्देशिकेतून काढून टाकणे शक्य होते. बर्कली येथील ४.३ बीएसडी (१९८६) या आवृत्तीत ‘स्टिकी’ अंकाला नवा अर्थ देऊन या धोक्यास आळा घालण्यात आला.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील ‘परम ब्रह्म’ (२०१९) हा महासंगणक युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्स प्रणालीवर चालतो. अशा सामायिक यंत्रावर एका संशोधकाचे परिश्रम दुसऱ्याच्या अनवधानापासून सुरक्षित राहतात, ते प्रामुख्याने या नऊ अंकांमुळेच.