मालक की मुतवल्ली?

वक्फची जमीन मुतवल्लीच्या ताब्यात असते, मालकीची नसते. त्याने ती सांभाळायची, उत्पन्नाचा हिशेब ठेवायचा. मनाला येईल तशी विकायची नाही. हा फरक आपल्याकडे मोहल्ल्यातल्या साध्या माणसालाही कळतो. अमेरिकेतील इव्हँजेलिकल ख्रिश्चन गेली पन्नासहून अधिक वर्षे ज्या प्रश्नावर भांडत आहेत, तो मुळात हाच आहे. पृथ्वीवर माणूस मालक आहे की मुतवल्ली?

इव्हँजेलिकल म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट. त्यांच्यातल्या या वादाला निमित्त झाला १९६७ सालचा एक लेख. इतिहासकार लिन व्हाइट यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले की, पर्यावरण-संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत. बायबलच्या 'उत्पत्ति' या पहिल्या पुस्तकात देव माणसाला पृथ्वीवर आणि जीवांवर सत्ता देतो; त्यातून निसर्ग ही केवळ वापरायची वस्तू ठरली, असा त्यांचा आरोप होता. इव्हँजेलिकल विचारवंत फ्रान्सिस शेफर यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून उत्तर दिले. ख्रिश्चनांच्या वागण्यात खोट आहे हे त्यांनी मान्य केले, पण शिकवण तशी नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

भाषा शिकवणारा म्हणून मला यातला एक शब्द महत्त्वाचा वाटतो. पहिल्या अध्यायात सत्तेची भाषा आहे, पण दुसऱ्या अध्यायात आदमला बागेत ठेवले जाते ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. मशागतीचे तिथले हिब्रू क्रियापद आहे 'आबद', म्हणजे राबणे, सेवा करणे. अरबीतले 'अब्द' आणि 'इबादत' याच धातूचे भाऊबंद. 'सृष्टीची काळजी' घ्या म्हणणारे ख्रिश्चन याच दुसऱ्या अध्यायावर भर देतात.

१९९३ मध्ये त्यांनी 'इव्हँजेलिकल एन्व्हायर्न्मेंटल नेटवर्क' स्थापन केले आणि पुढच्या वर्षी जाहीरनामा काढला. १९९६ च्या सुमारास अमेरिकी संसदेत संकटग्रस्त प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा सैल करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा हेच लोक विरोधात उभे राहिले. हा कायदा म्हणजे आजच्या काळातली नूहची किश्ती आहे, असे ते म्हणत.

२००० मध्ये दुसऱ्या बाजूने कॉर्नवॉल जाहीरनामा आला. त्यातून पुढे कॉर्नवॉल अलायन्स ही संघटना उभी राहिली. देवाने निर्माण केलेली सृष्टी इतकी नाजूक नाही, आणि स्वस्त ऊर्जा महाग केली तर गरीबच भरडले जातील, हा त्यांचा मुख्य मुद्दा. गरिबांचा हा प्रश्न खोटा नाही. पण दुष्काळात आणि पुरात आधी कोण मरतो, हा प्रश्नही त्याच गरिबांचा आहे.

२००२ मध्ये ऑक्सफर्डला हवामानावर एक परिषद झाली. तिथे हवामानशास्त्रज्ञ आणि श्रद्धाळू इव्हँजेलिकल जॉन हॉटन यांनी मांडणी केली. अमेरिकेतील 'नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्स'चे पदाधिकारी रिचर्ड सिझिक ती ऐकून बदलले. या बदलाला ते धर्मांतराचीच उपमा देत. फेब्रुवारी २००६ मध्ये रिक वॉरन यांच्यासह ८६ नेत्यांनी हवामानबदलाविरुद्ध कृतीचे आवाहन केले. पण त्या आधीच जेम्स डॉबसन आदी नेत्यांनी असोसिएशनला, या विषयावर भूमिका घेऊ नका, असे कळवले होते. २००७ मध्ये त्यांनी सिझिक यांना आवरा किंवा काढा, अशी मागणी केली. गर्भपात आणि विवाह या मोठ्या नैतिक प्रश्नांवरून लक्ष उडते, ही त्यांची तक्रार होती. असोसिएशन तेव्हा झुकली नाही. पुढे डिसेंबर २००८ मध्ये सिझिक यांना पद सोडावे लागले, पण कारण निराळे होते: समलिंगी जोडप्यांच्या कायदेशीर नात्याला त्यांनी मुलाखतीत दिलेला पाठिंबा.

दोन्ही बाजूंच्या हातात ग्रंथ एकच होता. मग फरक कशाने पडला? १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बहुसंख्य गोरे इव्हँजेलिकल रिपब्लिकन पक्षाच्या जवळ गेले, आणि पर्यावरण हा विरोधी गोटाचा विषय ठरला. काय सांगितले जाते यापेक्षा कोण सांगतो, हे महत्त्वाचे झाले.

आपणही यापासून दूर नाही. सय्यद हुसैन नस्र यांनी निसर्ग आणि माणूस या विषयावरची व्याख्याने शिकागोत १९६६ मध्येच दिली होती. ऑगस्ट २०१५ मध्ये इस्तंबूलला हवामानबदलावर इस्लामी जाहीरनामाही निघाला. शुक्रवारच्या खुतब्यात त्याचा उल्लेख मी तरी अजून ऐकलेला नाही. कुरआनात माणसाला 'खलीफा' म्हटले आहे. हा शब्द आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, जणू ती एखादी पदवीच आहे. पण खलीफा म्हणजे नायब, आणि नायबाला हिशेब द्यावा लागतो. वजूचा नळ वाहता ठेवून आपण तो हिशेब कसा देणार, याचा विचार ज्याने त्याने करावा.