मांजर आणि मनोविकार : एका संशयाचा इतिहास

मांजर आडवे गेले म्हणून कामावर निघालेल्या माणसाने चार पावले मागे फिरावे, ही जुनी समजूत आपण बाजूस ठेवू. परंतु गेल्या काही दशकांत मांजरावर एक नवा आरोप आला आहे, आणि तो विज्ञानाच्या दारातून आला आहे. लहानपणी घरात मांजर असेल, तर पुढे स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, होण्याचा धोका वाढतो काय? ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घरच्या आईबापांनी हा प्रश्न ऐकला म्हणजे त्यांना काय वाटत असेल? 'आपणच मांजर पाळले आणि आपणच पोराचे वाटोळे केले' हे ओझे त्यांच्या डोक्यावर ठेवायचे की नाही, हे या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून हा इतिहास मुळापासून पाहिला पाहिजे.

या कथेतील खरा आरोपी मांजर नसून एक सूक्ष्म जीव आहे. १९०८ साली ट्यूनिस येथील पाश्चर संस्थेत निकोल आणि मांसो या शास्त्रज्ञांना उत्तर आफ्रिकेतील गुंडी नावाच्या उंदीरवर्गीय प्राण्यात तो सापडला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना तो सशात दिसला. धनुष्यासारख्या आकारावरून त्याचे नाव टॉक्सोप्लाझ्मा पडले. १९३९ साली न्यूयॉर्कच्या वुल्फ, कोवेन आणि पेज यांनी एका तान्ह्या मुलीच्या मेंदूतील आजार याच जीवामुळे झाल्याचे दाखविले. तिला तो आईच्या पोटातच जडला होता. पुढे पोलिओच्या लसीमुळे जगाला ठाऊक झालेले साबिन यांनी फेल्डमन यांच्यासह १९४८ साली रक्ततपासणीची रीत शोधली. तेव्हा असे दिसून आले की, या जीवाने असंख्य माणसांच्या शरीरात बिनबोभाट मुक्काम ठोकला आहे. आज जगातील सुमारे एकतृतीयांश माणसांना त्याची लागण झालेली असावी असा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

तो शरीरात शिरतो कोठून? १९६५ साली पॅरिसजवळच्या एका क्षय-आरोग्यधामातील मुलांवरून असे आढळले की, अर्धेकच्चे मांस खाण्यात आले की लागण वाढते. मग मांस न खाणाऱ्यांना ती का होते? त्याच वर्षी ग्लासगोच्या हचिसन यांना मांजराच्या विष्ठेत दुवा मिळाला. १९७० च्या सुमारास हचिसन, फ्रेंकेल आणि भारतात जन्मलेले जे. पी. दुबे आदींच्या कामातून चित्र पुरे झाले : या जीवाचे लैंगिक प्रजनन मांजराच्या कुळातील प्राण्यांच्या आतड्यातच होते. पॅसिफिकमधील ज्या प्रवाळबेटावर मांजरे नव्हती, तेथील लोकांत लागण अगदी क्वचित आढळली.

येथवर पुरावा भक्कम आहे. पण लागण आणि वेड यांच्यामधला पूल कोणी बांधला? १९९५ साली टॉरी आणि योल्केन या अमेरिकन संशोधकांनी तो प्रश्न ठामपणे मांडला. त्यांच्या पाहणीत रुग्णांच्या घरांपैकी ५१ टक्के घरांत त्यांच्या लहानपणी मांजर होते. तुलनेसाठी घेतलेल्या घरांत हे प्रमाण ३८ टक्के होते. २०२३ साली ऑस्ट्रेलियातील मॅकग्रा यांच्या गटाने १७ अभ्यास एकत्र तपासले आणि मांजराचा संबंध व अशा विकारांची शक्यता यांत सुमारे सव्वादोन पटीचे नाते दाखविले. मात्र अधिक चांगले अभ्यास हवेत, असेही त्यांनीच सांगितले. उलट २०१७ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ साली जन्मलेल्या सुमारे ५,००० मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. आई गरोदर असताना किंवा मूल लहान असताना घरात मांजर होते काय, हे तेव्हाच नोंदलेले होते. घरची गर्दी, सामाजिक स्थिती वगैरे गोष्टींचा हिशेब धरल्यावर, तेराव्या आणि अठराव्या वर्षीच्या मनोविकारसदृश अनुभवांशी मांजराचा संबंध उरला नाही.

कोणी म्हणेल, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, सोडून द्या. आम्ही कामगार चळवळीतली माणसे इतक्या सहज तसे म्हणू शकत नाही. कापसाच्या धुळीने छाती भरते हे गिरणीतला कामगार सांगत होता, तेव्हा 'सिद्ध झालेले नाही' हेच वाक्य त्याच्या तोंडावर फेकले जात होते. 'सिद्ध नाही' म्हणजे 'खोटे' नव्हे. परंतु तो संबंध सिद्ध कसा झाला, हेही आम्ही विसरता कामा नये. १९५० नंतरच्या दशकात शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांत पाहिले की, सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळते, आणि धूळ जेथे जास्त तेथे आजार जास्त. कारण आणि परिणाम यांची पायरीन् पायरी तेथे जुळली. मांजराच्या बाबतीत तशी शिडी अजून उभी राहिलेली नाही. शिवाय मांजर पाळणे आणि लागण होणे ही एकच गोष्ट नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील सहा शहरांच्या अभ्यासात गरोदर स्त्रियांना लागण होण्याचे मुख्य कारण अर्धेकच्चे मांस ठरले; मातीचा संपर्क हे दुसरे कारण होते; नुसता मांजराचा सहवास हे कारण ठरले नाही. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, आठवडा-दोन आठवडे, हे बीज टाकते, आणि ते बीज बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो.

आता आकड्याचा धाक काढून टाकू. हा विकार आयुष्यभरात हजारांत सुमारे सात जणांना होतो. सव्वादोन पट हे मांजराचेच काम, असे क्षणभर मानले तरी ते पंधरा-सोळा होतात. उरलेल्या नऊशे ऐंशीहून अधिकांना तो होत नाही.

तेव्हा आमचा निवाडा असा : संशोधन चालू राहावे, कारण प्रश्न खरा आहे. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये. ते काम घरच्या पुरुषाने रोजच्या रोज करावे. मांस पुरते शिजवावे, भाजी धुवावी, मातीत काम केल्यावर हात धुवावेत. आणि ज्या घरात मनोविकाराचा रुग्ण आहे, तेथे 'मांजर होते काय?' असे विचारण्यापूर्वी 'औषध मिळते काय, रजा मिळते काय, नोकरी टिकली काय?' हे विचारावे. मांजर घालवून रुग्ण बरा होत नाही. औषध, सोबत आणि रोजगार यांनी मात्र त्याचे दिवस सावरतात, आणि हे तिन्ही मिळवून देणे आपल्या हातचे आहे.