अंबोनचा अंध शंखशोधक

ओहोटीच्या वेळी पुळणीवर शंखशिंपले वेचीत हिंडण्याचा नाद ज्याला कधीच लागला नाही, असे मूल कोकणात क्वचितच सापडेल. वयाबरोबर बालपणीचे बहुतेक खेळ सुटतात. हा एक नाद मात्र काहीजणांस जन्मभर सोडीत नाही. पांढरे केस झालेली माणसेसुद्धा एखादा न पाहिलेला शंख दिसताच लहान मुलासारखी वाकतात. या आनंदाचे मूळ कशात असावे? शंखाच्या सौंदर्यात, त्याच्या दुर्मिळपणात, की तो आपला झाला या समाधानात? प्रश्न किरकोळ दिसतो खरा. परंतु सतराव्या शतकात एका माणसाच्या आयुष्याने या प्रश्नाची फार कठोर परीक्षा घेतली. शंखांच्या छंदातून जे जे म्हणून मिळते, ते ते त्याच्यापासून एकामागून एक हिरावले गेले. आणि तरीही त्याचा आनंद संपला नाही. त्याचे नाव गेऑर्ग एबरहार्ड रुम्फ. विद्वानांच्या जगात तो रुम्फियस या लॅटिन नावाने ओळखला जातो.

रुम्फियसचा जन्म १६२७ साली जर्मनीत झाला. तरुणपणी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरून तो १६५३ मध्ये बटेव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्तास पोहोचला आणि तेथून पुढच्याच वर्षी मोलुक्का बेटांपैकी अंबोन या बेटावर गेला. तेथून तो पुन्हा युरोपास परतला नाही. प्रथम तो सैन्याकडील स्थापत्याच्या कामावर होता. पुढे व्यापारी खात्यात आला आणि बेटाच्या उत्तरेकडील हितू किनाऱ्यावर हिला या गावी कंपनीचा कारभार पाहू लागला. ही बेटे लवंगांची. लवंगेचा मक्ता आपल्या हाती राहावा म्हणून कंपनीने ठरवून दिलेल्या जागांबाहेरची झाडे तोडून टाकली, आणि जे आड आले त्यांस निर्दयपणे चिरडले. रुम्फियस याच कंपनीचा चाकर होता, ही गोष्ट त्याचे गुणगान करताना विसरता कामा नये. परंतु दिवसाचा हिशेब संपला म्हणजे हा चाकर कंपनीला ज्याचे काडीचे मोल नव्हते अशा वस्तूंच्या मागे लागे: झाडे, वेली, खेकडे, दगड आणि सर्वांत अधिक शंख.

अंबोनचा समुद्र या बाबतीत कुबेराचे भांडार आहे. प्रवाळाचे खडक, उथळ खाड्या, वाळूचे तळ आणि चिखलाच्या कडा एकाच किनाऱ्यावर जवळजवळ लागून असल्यामुळे प्रत्येक ठिकाणचा जीव निराळा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर पाणी दूरवर हटते आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात, हे आपल्याकडील कोळ्यांस जसे ठाऊक, तसेच तेथील लोकांसही ठाऊक होते. रुम्फियस त्यांच्याकडून शिकला. कोणता प्राणी कोठे राहतो, कोणता खाण्याजोगा, कोणता विषारी, मांस सडून गेल्यावर शंख कसा स्वच्छ करावा, हे सर्व त्याने लिहून ठेवले. आणि पुष्कळ वस्तूंची मलायी व अंबोनी नावेही टिपून ठेवली. रंगीबेरंगी शंकूच्या आकाराचे काही शंख जिवंतपणी हातात धरणे म्हणजे मृत्यूशी खेळणे होय, ही माहितीही त्याच्याच लेखनातून प्रथम जगास मिळाली. बांदा बेटातील एका दासीने असा शंख नुसता हातात धरला आणि ती प्राणास मुकली, अशी नोंद त्याने केली आहे. तिचे नाव आपणांस ठाऊक नाही. ज्यांनी पाण्यात बुड्या मारून किंवा जाळी ओढून हा संग्रह घडविला त्या बहुतेकांची नावे अशीच लुप्त झाली आहेत.

१६७० साल उजाडले आणि रुम्फियसची दृष्टी गेली. त्या वेळी तो जेमतेम बेचाळीस वर्षांचा होता. रंग आणि रेषा यांवर ज्याचे सारे काम उभे, त्याच्या बाबतीत याहून मोठा आघात कोणता? पण दैवाचे समाधान एवढ्याने झाले नाही. १७ फेब्रुवारी १६७४ च्या संध्याकाळी, चिनी नववर्षाचा उत्सव चालू असता, बेटाला भयंकर भूकंपाचा धक्का बसला. कोसळलेल्या भिंतीखाली त्याची पत्नी सुझाना आणि एक मुलगी यांचा अंत झाला. त्याच रात्री समुद्र खवळून हितू किनाऱ्यावर चढला आणि दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या किनाऱ्यावर त्याने वर्षानुवर्षे शंख वेचविले, तोच हा किनारा. रुम्फियसने या अनर्थाचा वृत्तान्त शांतपणे लिहून काढला. एक पांढरे आमरीचे फूल सुझानाने त्यास प्रथम दाखविले होते. त्याला त्याने तिचे नाव दिले. ग्रंथात त्याने तिचे केलेले स्मारक ते एवढेच.

यानंतरची हानी संग्रहाची. १६८२ मध्ये त्याने जमविलेले शंख व इतर वस्तू टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याच्याकडे रवाना झाल्या. हा सौदा त्याच्या खुशीचा नव्हता. १६८७ च्या जानेवारीत अंबोन शहरास आग लागली आणि वनस्पतींवरील ग्रंथासाठी काढविलेली त्याची बहुतेक चित्रे जळून गेली. ती त्याने पुन्हा काढविण्यास आरंभ केला. पाच वर्षांनी त्या ग्रंथाचे हस्तलिखित घेऊन युरोपास निघालेले जहाज फ्रेंचांनी बुडविले. बटेव्हियास गव्हर्नर जनरल काम्फाइस याने एक नक्कल करवून ठेवली होती म्हणून तो ग्रंथ वाचला, एवढेच.

डोळे गेले, घर उजाड झाले, संग्रह परक्याच्या दालनात गेला. छंद हा जर केवळ पाहण्याचा किंवा मालकीचा असता, तर तो येथेच संपावयास हवा होता. तसे झाले नाही. आरंभी तो आपला वनस्पतिग्रंथ लॅटिनमध्ये लिहीत असे. परंतु मदतीस मिळालेल्या लेखनिकांस ती भाषा येत नव्हती. तेव्हा हा अंध मनुष्य डच भाषेत मजकूर सांगू लागला. त्याचा मुलगाही मदतीस होता. शंख ही वस्तू अशी, की ती बोटांसही कळते. तिचा वेटोळा, तिच्या कडा, दाते, वजन, थंडपणा हे सारे स्पर्शाने वाचता येते. आणि जे बोटांस कळत नाही, त्यासाठी सोळा वर्षांच्या डोळस हिंडण्याची स्मृती त्याच्यापाशी होती. या दोहोंच्या बळावर शंखांवरील त्याचा ग्रंथ सिद्ध झाला. १७०२ मध्ये रुम्फियस वारला आणि १७०५ मध्ये आम्स्टरडॅम येथे ‘दाम्बोइन्से रारितेइतकामर’, म्हणजे ‘अंबोनचे नवलदालन’, या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाचे मोल कळावयास एकच उदाहरण पुरे आहे. नॉटिलस नावाचा मोत्याच्या कांतीचा, आत पडदे असलेला शंख युरोपातील श्रीमंतांस फार प्रिय होता. त्यास सोन्याचांदीची कोंदणे करून त्याचे पेले बनवीत. परंतु त्यात राहणारा प्राणी कसा असतो, हे त्या पेल्यांतून पिणाऱ्यांपैकी कोणास सांगता आले नसते. रुम्फियसने त्या प्राण्याचे वर्णन केले: तो पाण्यावर आला म्हणजे डोके व अनेक बाहू कसे पसरतो, बहुतेक काळ तळाशी कसा सरपटतो आणि कधी कोळ्यांच्या हाती कसा लागतो. पुढे सव्वाशे वर्षे या वर्णनावरच जगाने भिस्त ठेवली. १८३२ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या प्राण्याच्या शरीररचनेवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे ज्ञानाचे पाऊल पुढे पडले. लिनेअसनेही शंखांस नावे देताना रुम्फियसच्या चित्रांचा आधार घेतला.

आता याच्या शेजारी दुसऱ्या प्रकारचा शोध ठेवून पाहावा. हॉलंडमधील धनिकांत शंखांचे वेड पराकोटीस पोहोचले होते. ‘सागरवैभव’ असा ज्याच्या नावाचा अर्थ, तो कोनस ग्लोरियामारिस हा शंख १७७७ मध्ये शास्त्रीय नाव पावला आणि त्याचे मोजकेच नमुने जगात असल्यामुळे त्याची किंमत वाढत गेली. १७९६ च्या एका लिलावात एका दुर्मिळ शंखास मोठी किंमत मिळाली; आणि त्याच संग्रहातील व्हर्मीरचे पत्र वाचणाऱ्या स्त्रीचे चित्र, जे आज जगातील श्रेष्ठ चित्रांत गणले जाते, ते ४३ गिल्डरांस गेले. पुढे १९६९ मध्ये ग्वाडलकनाल बेटाजवळ पाणबुड्यांना या शंखाचे वसतिस्थान सापडले. नमुने पुष्कळ मिळू लागले आणि भाव उतरला. शंख होता तसाच सुंदर राहिला. सरले ते आपले अज्ञान, आणि त्याच्याबरोबर दुर्मिळपणाही सरला. ज्याने तो केवळ दुर्मिळ म्हणून विकत घेतला, त्याच्या आनंदाचा पायाच खचला. पण नॉटिलस शंभर मिळोत की लाख, रुम्फियसच्या वर्णनातील एक ओळही त्यामुळे स्वस्त होत नाही.

यातून दुर्मिळ शंखाचा लोभच खोटा, असे म्हणावयाचे नाही. त्या लोभानेच तर पावले किनाऱ्याकडे वळतात. रुम्फियसलाही तो होता, म्हणूनच संग्रह जाताना तो कष्टी झाला. परंतु लोभाने आरंभ झालेला शोध जेव्हा ‘हा कोण? कोठे राहतो? याला येथील माणसे काय म्हणतात?’ असे विचारू लागतो, तेव्हा त्याला चोर, आग किंवा अंधत्व यांपैकी कोणाचेच भय राहत नाही. दुसऱ्याला सांगितल्याने जे वाढते, तेवढेच धन रुम्फियसपाशी अखेरीस उरले होते. आणि तेच आपल्यापर्यंत पोहोचले.

आपल्या काळी या विचारास आणखी एक धार आली आहे. अतिरेकी उपशामुळे नॉटिलसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ मध्ये राष्ट्रांनी निर्बंध घातले. भारतातही या प्राण्यास कायद्याचे संरक्षण आहे. पूर्वी दुर्मिळपणा आपल्या अज्ञानातून येई. आता तो आपल्या हावरेपणातून येऊ लागला आहे, आणि असा दुर्मिळपणा लिलावात मिरविण्याजोगा नाही. म्हणून ओहोटीच्या वेळी एखादा जिवंत शंख हाती आला, तर तो ओळखीचा निरुपद्रवी असल्याची खात्री करून न्याहाळावा, त्याचे नाव जवळच्या कोळिणीस विचारावे आणि पाणी परत येण्यापूर्वी त्याला त्याच्या जागी ठेवून द्यावे. घरी नेण्याजोगे जे आहे, ते तेवढ्या वेळात आपल्याजवळ आलेलेच असते.