मोल आणि लेख

सासूबाई गेल्या आणि वाटणीचा विषय निघाला. दागिने सराफाने तासाभरात तोलून दिले. उरली देवघरातली पांढऱ्या दगडाची वीतभर पार्श्वनाथांची मूर्ती. आजेसासरे जियाजीराव कॉटन मिलमध्ये नोकरीला लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर तीही बिर्लानगरच्या खोलीत आली. “हिच्यावर १५४८ साल आहे, लाखांत जाईल,” धाकटे भावोजी म्हणाले.

मूर्तींचे एक जाणकार घरी आले. त्यांनी किंमत सांगितलीच नाही. भिंग लावून आधी पायथ्याचा लेख वाचला. संवत १५४८, भट्टारक जिनचंद्र, जीवराज पापडीवाल. “हा विक्रम संवत. ५७ वजा करा, म्हणजे इ. स. १४९१. जीवराजांनी त्या वेळी हजारो मूर्तींची प्रतिष्ठा करवून त्या गावोगावी पाठवल्या. त्यामुळे ही जुनी खरी, पण दुर्मिळ नव्हे. आणि शंभर वर्षांपलीकडची दगडी मूर्ती १९७२ च्या कायद्याने नोंदवावी लागते. परदेशी तर विकताच येत नाही.”

भावोजींचा चेहरा उतरला. मला मात्र आपला किल्ला आठवला. त्याच शतकात तोमर राजांच्या काळी गोपाचलाच्या कड्यात कोरलेल्या प्रचंड मूर्ती पुढे बाबराच्या हुकमाने भंगल्या. ही वीतभर मूर्ती मात्र घराघरांतून फिरत, कुणाच्या तरी पदराआड वाचली.

मूर्तीची वाटणी झाली नाही, नोंद तेवढी केली. बायांनो, घरातलं जुनं काही घासून लख्ख करण्याआधी त्यावरचं अक्षर वाचून घ्या. घासलं की तेच आधी जातं.