नभोवाणीची शाळा आणि आमची चौथी

सन १९३७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ पसरली. त्या काळी या रोगावर लस नव्हती, डॉ. साल्क यांची लस उपयोगात आली ती १९५५ मध्ये. मुलांना एकत्र बसविणे धोक्याचे, म्हणून शाळा उघडण्याचे लांबणीवर पडले. अशा वेळी शिक्षणाधीक्षक विल्यम जॉन्सन यांनी तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांसाठी थेट नभोवाणीवर शाळा भरविली. सहा केंद्रांनी त्यासाठी वेळ मोकळा करून दिला.

या शाळेची घडी मोठी विचारपूर्वक बसविलेली होती. दिवसाचा आरंभ सूचना व कवायतीने होई. सोमवार, बुधवार, शुक्रवारी समाजशास्त्र आणि विज्ञान. मंगळवार, गुरुवार, शनिवारी इंग्रजी आणि गणित. पाठ अवघा पंधरा मिनिटांचा. वेळापत्रक, प्रश्न व गृहपाठ वर्तमानपत्रांत छापून येत, आणि मुलांनी तो गृहपाठ जपून ठेवून शाळा उघडल्यावर दाखवायचा असे. पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीची सोय केली, तेव्हा पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले आणि उत्तरे द्यायला आणखी शिक्षक बसवावे लागले. हे वाचताना आम्हांस हसू आले, कारण तो अनुभव आमच्या ओळखीचा होता.

उणिवाही लौकरच दिसल्या. पाठ फार भरभर जातो, अशी तक्रार होती. काही घरांत आवाज नीट ऐकू येत नसे, आणि ज्यांच्याकडे नभोवाणी संचच नव्हता त्या मुलांसाठी ही शाळा नसल्यासारखीच होती. शिवाय न समजलेले त्याच क्षणी हात वर करून विचारण्याची सोय नव्हती. आमच्या मते ही शेवटची उणीव सर्वांत मोठी. सुदैवाने तीन आठवड्यांच्या आतबाहेर वर्ग उघडले आणि तो प्रयोग संपला.

आपल्याकडचा प्रसंग इतका अल्पजीवी नव्हता. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले ते 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या शासकीय उपक्रमाने. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका आली. पहिली ते आठवीचे पाठ तीत घरबसल्या पाहता येत. आम्ही ज्या गावच्या धर्मग्रामात सेवेस होतो तेथील मराठी शाळेतील चौथीच्या वर्गाचे पहिले सत्र आम्ही जवळून पाहिले. बाई सकाळी मोबाईलवर पाठ धाडत. मराठीची कविता मुले ध्वनिमुद्रित करून परत पाठवीत. मागे कोंबड्याचे आरवणे, कधी आजीचे दामटणे ऐकू येई. परिसर अभ्यासाला मात्र उलट बरे दिवस आले. वाडीतील झाडे, विहिरीचे पाणी, घरातले जुने नाणे, सारे मुलांच्या हाताशी होते. शिवछत्रपतींचा इतिहास गोष्टीरूपाने ऐकायला मुलांना कंटाळा नव्हता. घोडे अडले ते गणितात. अपूर्णांक समजावताना बाईंनी भाकरीचे तुकडे करून दाखविले, परंतु कोणाचा चेहरा गोंधळलेला आहे हे त्यांना दिसेना. वहीच्या छायाचित्रात उत्तर बरोबर असे आणि ते मुलाचे की थोरल्या ताईचे, हे कळायला मार्ग नसे.

अनेक घरांत एकच फोन, आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. अशा मुलांची शाळा रात्री आठनंतर भरे. काहींच्या घरी तोही नव्हता. त्यांच्यासाठी बाई स्वहस्ताक्षरात स्वाध्याय लिहून मंदिराच्या व्हरांड्यात ठेवीत, आणि आम्ही ते सायंकाळी पोहोचवीत असू. एका मुलाने आम्हांस विचारले, "फादर, बाईंना सांगाल का, मला भागाकार येत नाही?" आम्ही ओट्यावर बसून त्याला तो शिकविला, बहुधा चुकीच्या पद्धतीने, कारण दुसऱ्या दिवशी बाईंनी फोन करून आमची पद्धत सुधारली.

एप्रिल २०२१ मध्ये शासनाने पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातले. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग प्रत्यक्ष भरले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. तोवर आमची ही मुले पाचवीत, दुसऱ्या शाळेत गेली होती. चौथीच्या बाकांवर ती एकही दिवस बसली नाहीत. त्यांच्या वह्यांचा गठ्ठा तेवढा बाईंच्या कपाटात अजून आहे.