दहा मिनिटांचे झिंगे

शनिवारी रात्री उशिरा घरी आलो. फ्रीजमध्ये अर्धा किलो झिंगे होते (पुण्या-मुंबईची मंडळी त्याला कोळंबी म्हणतात). काळा धागा काढला, हळद, तिखट, मीठ लावलं आणि लसणाच्या फोडणीत परतले. गुलाबी होऊन वळले की गॅस बंद, नाहीतर रबर होतं! दहा मिनिटांत जेवण तयार.

आईला फोनवर म्हटलं, "समुद्र इतका लांब, तरी नागपुरात झिंगे खातोय बघ!" ती हसली. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं. "झिंग्यायले समुद्र कायले पायजे बाबू? आमच्या बोडीत काय कमी होते?"

झालं, अख्खा रविवार वाचण्यात गेला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे हजारो तलाव आणि बोड्या. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने त्यातले कित्येक बांधले, नवेगावबांधही त्यांचाच. पाणी अडवलं धानासाठी, पण त्याच पाण्यात ढिवरांनी जाळी टाकली. म्हणजे आईचे झिंगे सिंचनाचं बाय-प्रॉडक्ट!

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. मालगुजारी परत यावी असं मी म्हणणार नाही. पण गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं हे गावाचं काम होतं, ते कुणाचंच राहिलं नाही. बरेच तलाव गाळाने भरले. आमच्या भाषेत, सिस्टिम चालू, मेंटेनन्सला माणूस नाही.

असो. माझे झिंगे बर्फाच्या पेटीतून आलेले. पुढच्या वेळी बाजारात विचारणार आहे, "बोडीतले आहेत का?"