अंतुले साहेब आणि सिमेंटचा हिशोब : आपल्या नेत्याला जाब विचारायचा की नाही?

चोपड्यात आम्ही नववी-दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. राज्य सरकारचा धडा आला की एक प्रश्न हमखास येतो, "सर, महाराष्ट्रात मुस्लिम मुख्यमंत्री कधी झाला का?" आम्ही बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचं नाव सांगतो. दुसऱ्या दिवशी पोरं घरून ऐकून येतात, "सर, त्यांना मुसलमान म्हणून काढलं ना?"

हा समज आपल्या मोहल्ल्यांत इतका पक्का आहे की प्रकरण नेमकं काय होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून ते इथे क्रमाने मांडतो आहोत.

अंतुले कोण होते?

जन्म १९२९, रायगड जिल्ह्यातल्या आंबेत गावचा. शिक्षणाने बॅरिस्टर. आणीबाणीनंतर काँग्रेस फुटली तेव्हा ते इंदिरा गांधींच्या बाजूने उभे राहिले, पक्षाचे सरचिटणीस झाले. ९ जून १९८० रोजी ते मुख्यमंत्री झाले. आजपर्यंत महाराष्ट्राचे ते एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री.

काम झपाट्याचं होतं, हे त्यांचे विरोधकही मान्य करत. संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली. आज आपल्या गल्लीतल्या बेवा खाला "निराधारचा पगार आला का" म्हणून बँकेत चकरा मारतात, तो पगार याच योजनेचा. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, जालना आणि सिंधुदुर्ग हे नवे जिल्हे झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

सिमेंटचं प्रकरण काय होतं?

आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन हवं तेवढं मिळत नसे. भाव सरकार ठरवायचं, माल कमी असायचा आणि परमिट लागायचं. काळ्या बाजारात भाव कितीतरी जास्त. म्हणजे परमिट हातात पडलं की बिल्डरचा फायदा ठरलेला.

अंतुले यांनी काही ट्रस्ट काढले होते. त्यातला सर्वात गाजलेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. उद्देश कलावंत-साहित्यिकांना मदत करण्याचा. आरोप असा होता की बिल्डरांना सिमेंटचा कोटा देताना त्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्या गेल्या. साखर कारखान्यांकडून आलेल्या देणग्यांवरही बोट ठेवलं गेलं. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी हे छापलं आणि थेट संसदेत गोंधळ झाला.

पैसा ट्रस्टला गेला, मग गुन्हा कसला, असं आजही काही जण विचारतात. उत्तर सोपं आहे. सिमेंट वाटण्याचा अधिकार जनतेने दिलेला होता. तो कोणाला किती मिळावं हे देणगी बघून ठरत असेल, तर पैसा चांगल्या कामाला गेला तरी तो अधिकाराचा सौदाच. आपल्या भाषेत सांगायचं तर अमानतमध्ये खयानत.

कोर्टात काय झालं?

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक त्या एकत्र करतात आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिली गोष्ट रिट याचिका. पी. बी. सामंत आणि इतरांनी सिमेंट वाटपाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला की सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा एकमेकांशी संबंध होता. त्याच दिवशी अंतुले यांनी राजीनामा दिला. बातमी छापून आल्यापासून साडेचार महिन्यांत खुर्ची गेली.

दुसरी गोष्ट फौजदारी खटला. तो भाजपचे रामदास नायक यांनी खाजगी तक्रार करून चालवला. मुख्यमंत्र्यावर खटला भरायला राज्यपालांची मंजुरी लागत होती. ती जुलै १९८२ मध्ये, काही आरोपांपुरती मिळाली. तेव्हा राज्यपाल कोण होते? एअर चीफ मार्शल इद्रीस हसन लतीफ. "मुसलमान म्हणून काढलं" म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

हा खटला पुढे अनेक वर्षं फिरत राहिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भ्रष्टाचाराची तक्रार कोणताही नागरिक विशेष न्यायाधीशापुढे करू शकतो, आणि ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सुटलं असेल तर मंजुरीची गरज नाही. खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला गेला. पण १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बहुमताने आपल्याच न्यायालयाची ती चूक दुरुस्त केली. कायद्याने खटला विशेष न्यायाधीशाकडे चालायचा असेल तर तो तिथेच चालला पाहिजे, आरोपी माजी मुख्यमंत्री असला तरी त्याला वेगळी वागणूक नको, असं म्हटलं.

अखेर फौजदारी शिक्षा त्यांना झाली नाही. ते पुन्हा खासदार झाले, १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री आणि २००६ मध्ये नव्याने निघालेल्या अल्पसंख्याक मंत्रालयाचे पहिले मंत्री झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचा इंतकाल झाला.

म्हणून "ते गुन्हेगार ठरले" हेही चूक, आणि "काहीच नव्हतं, उगाच फसवलं" हेही चूक.

फक्त आपल्याच माणसाला धरलं का?

पूर्वग्रह नव्हताच, असं आम्ही म्हणणार नाही. पक्षातही त्यांचे विरोधक कमी नव्हते. पण बाकीची यादी बघा. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने देशाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द केली. १९८६ मध्ये मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात शिवाजीराव पाटील निलंगेकर यांचं मुख्यमंत्रीपद गेलं. जे. जे. हॉस्पिटलमध्ये भेसळीच्या ग्लिसरीनने रुग्ण दगावले, त्याची चौकशी याच न्या. लेंटिन यांनी केली आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावं लागलं. २०१० मध्ये आदर्श सोसायटीवरून अशोक चव्हाण गेले.

आणि आपल्या खान्देशातलं ताजं उदाहरण जळगावच्या घरकुलाचं. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी धरलं. त्यात तेव्हाचे आपले चोपड्याचे आमदारही होते. त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलं झाली. पण गरिबांच्या घरांचा हिशोब कोर्टात मागितला गेला, एवढं तर झालं.

या प्रकरणातून आपल्याला काय मिळालं?

फार मोठी गोष्ट मिळाली, आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. १९९१ मध्ये 'अब्दुल रहमान अंतुले विरुद्ध आर. एस. नायक' याच नावाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की खटला लवकर निकाली निघणं हा घटनेच्या कलम २१ मधला मूलभूत हक्क आहे. किती वर्षांत, याची ठराविक मुदत त्यांनी घातली नाही. तरीही निकाल न लागता वर्षानुवर्षं तुरुंगात असलेल्या पोरांचे वकील आजही कोर्टात हा निकाल दाखवतात. त्यात आपल्या समाजाची पोरं किती, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे ज्या कायद्याने अंतुले यांना जाब विचारला, त्याच कायद्याने त्यांना संरक्षण दिलं, आणि ते संरक्षण आता सर्वांचं आहे.

आज जाब विचारायचा तर?

चार गोष्टी ध्यानात ठेवा. माहिती अधिकार कायदा २००५ खाली कागद मागता येतात. राज्यात लोकायुक्तांचा कायदा १९७१ पासून आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करता येते. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर वाट अवघड झाली आहे. आता पद सुटलेल्यावर खटला भरायलाही मंजुरी लागते, आणि पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची पोलिसांनी चौकशी करायची तर आधी परवानगी हवी. म्हणून तोंडी आरोपांपेक्षा कागद जपून ठेवावा.

हजरत उमर यांना भर सभेत एका माणसाने अंगावरच्या कपड्याचा हिशोब विचारला, ही गोष्ट आपण मदरशात, घरात मुलांना सांगतो. खलिफांनी त्याला दटावलं नाही, हिशोब दिला. ती गोष्ट सांगायची आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला विचारायची वेळ आली की "जाऊ द्या, आपला माणूस आहे" म्हणायचं, हे काही बरोबर नाही. वर्गात पोरांना आता आम्ही सांगतो की अंतुले साहेबांच्या निराधार योजनेबद्दल शुक्रगुजार राहा आणि सिमेंटचा हिशोबही विचारा, दोन्ही एकाच तोंडाने करता येतं.